गॅरेजची कैची आणि आपला झोपाळा

मिनियापोलिस

ती. आप्पा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर गॅरेजमध्ये गाडीचं इंजिन उचलून काढायचा विषय निघाला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यात काय, छताला कडी ठोक, चेन-पुली अडकव, इंजिन वर." तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि सांगायचं राहिलं. विजेवरची पुली मी आणली होती. ड्रिल घेऊन शिडीवर चढलो आणि भोक न पाडता उतरलो.

तुमच्या डोळ्यांपुढे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या घराची तुळई आहे. सागवानी, वीतभर रुंद. झोपाळ्यावर आजी, आत्या आणि आम्ही तिघं बसून जोरजोरात पाय मारायचो, तरी कुरकुरायची ती कडी, तुळई नाही. इथल्या गॅरेजला तुळईच नाही. दर दोन फुटांवर एक लाकडी कैची, म्हणजे छप्पर पेलणारा तिकोनी सांगाडा. लाकूड 'दोन बाय चार'चं म्हणतात, मोजलं तर दीड बाय साडेतीन इंच भरतं! सांधे कसले, तर दातेरी पत्रे दाबून बसवलेले. कैची म्हणून ते भक्कम आहे, हिवाळाभर बर्फाचा भार पेलतं. पण खालच्या आडव्या दांडीचं काम वरच्या दोन तिरक्या दांड्या फाकू न देण्याचं. ती ताणात असते. दोन सांध्यांच्या मधोमध तिला वजन टांगलं की ती वाकायला बघते.

कैच्यांच्या नकाशात त्या दांडीसाठी चौरस फुटाला ५ पौंड भार धरलाय. कैची २४ फूट लांब, तिच्या वाट्याला दोन फुटांचा पट्टा, म्हणजे सगळ्या लांबीवर पसरून २४० पौंड, जेमतेम ११० किलो. त्यातच जिप्समच्या छताचं वजन. माझं इंजिन गिअरबॉक्ससकट अडीचशे किलो, तेही एका कडीवर. शिवाय धक्का वेगळाच. एकदम सोडलेलं वजन दुपटीनं बसतं, हे बडोद्याच्या कलाभवनात इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला मी काय सांगायचं! पुलीच्या डब्यावर ४०० किलो छापलंय, तेही खालची कप्पी लावून दोर दुहेरी केला तर. एकेरीवर २०० च. आणि तो आकडा पुलीचा आहे, छताचा नव्हे. दुकानदार हे सांगत नाही.

आडवा दांडा टाकून वजन चार-पाच कैच्यांवर वाटावं, असंही मनात आलं. सायकली टांगायला ते चालेल, तेही सांध्यांजवळ. इंजिनाला नाही. शेवटी चाकांची क्रेन भाड्यानं आणली. तिचा भार थेट जमिनीवर. तिच्यातही मेख आहे. दोन टनांची क्रेन, पण हात पूर्ण लांबवला की अर्ध्या टनावर येते. इंजिन बाहेर काढलं, लगेच खाली घेतलं आणि मगच क्रेन ढकलली. लटकत्या इंजिनाखाली हात घातला नाही, हे आईला सांगा.

पुली परत केली. पैसे पूर्ण मिळाले नाहीत.

गेल्या दिवाळीत बडोद्याला आलो तेव्हा झोपाळ्याची डावीकडची कडी आतून निम्मी घासलेली दिसली होती. बदललीत का? नसेल, तर तोवर छोटीला त्यावर बसू देऊ नका.

तुमचा,
बाळ