महोत्सव मुंबईचा, पडद्यावरील अक्षरे मात्र इंग्रजीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दादर परिसरातील एका लहान सभागृहात एका चित्रपट मंडळाने नुकताच तीन दिवसांचा स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव भरवला होता. बड्या निर्मितीसंस्थांच्या आणि तारांकित नटांच्या आधाराशिवाय तयार झालेले चित्रपट एकत्र पाहण्याची संधी आमच्या भागात क्वचितच मिळते, म्हणून मी त्यांपैकी चार पाहिले. सोबत आमच्या चाळीतील एक शेजारीण होत्या, ज्यांना सारी चाळ मावशी म्हणते. परळच्या एका रुग्णालयात आयाची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आहेत. मराठी वृत्तपत्र त्या रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. इंग्रजी अक्षरे त्यांना ओळखता येतात, पण संवादांचा अनुवाद देणारी, दोन-तीन सेकंदांत पडद्यावरून नाहीशी होणारी ओळ (सबटायटल) वाचून होत नाही. चित्रपटांविषयी लिहावे म्हणून हे पत्र लिहायला घेतले, परंतु मावशींच्या शेजारी बसून पाहिलेल्या चित्रपटांचे परीक्षण आणि पडद्याखाली मराठी ओळी नसल्याची माझी तक्रार ही दोन्ही मला वेगळी करता येत नाहीत.

पहिला चित्रपट होता पायल कपाडिया यांचा ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’. २०२४ साली फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तब्बल तीस वर्षांनी भारतीय चित्रपट पोहोचला आणि त्याने ‘ग्राँ प्री’ हे तेथील दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळवले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. प्रभा आणि अनू या मुंबईच्या रुग्णालयात काम करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका आणि त्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची पार्वती यांची ही कथा आहे. पार्वतीची भूमिका छाया कदम यांनी केली आहे. अनेक वर्षे ज्या खोलीत संसार केला त्या खोलीवर हक्क सांगायला तिच्याजवळ एकही कागद नाही, आणि तेथे आता टॉवर उभा राहणार आहे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला या प्रसंगांत काही नवे दिसणार नाही, आणि त्यामुळेच ते पाहवत नाहीत. बिल्डरच्या जाहिरात फलकावर रात्री दगड भिरकावला जातो तेव्हा सभागृहात कोणीतरी टाळी वाजवली. तसे फलक आमच्या नाक्यावरही आहेत. परदेशात गेलेल्या आणि फोनही न करणाऱ्या नवऱ्याकडून आल्यासारखा दिसणारा भात शिजवण्याचा कुकर प्रभा छातीशी धरून बसते, तो क्षण तर कितीही संवाद लिहून साधला नसता. उत्तरार्धात कोकणच्या किनाऱ्यावर बुडालेल्या माणसाचा जो प्रसंग येतो तो मला पाहताना थोडा जुळवून आणल्यासारखा वाटला. घरी परतताना तो तितका खटकला नाही, पण पूर्ण पटला असेही म्हणवत नाही.

चित्रपटाच्या प्रारंभी रात्रीच्या मुंबईची दृश्ये दिसत राहतात आणि त्यांवर बाहेरगावाहून येथे आलेल्या माणसांचे आवाज निरनिराळ्या भाषांतून ऐकू येतात. पुढे पात्रे आपसात मल्याळम बोलतात, पार्वतीशी हिंदी बोलतात, पार्वती मधूनच मराठीवर येते, आणि रुग्णालयातील मल्याळी डॉक्टरला हिंदी साधत नसल्याने हे शहर परके वाटते. म्हणजे कोणाला कोणाचे बोलणे कळते आणि कोणाचे कळत नाही, हाच या चित्रपटाचा अर्धा विषय आहे. पडद्याखाली मात्र एकच भाषा होती, इंग्रजी. पहिला अर्धा तास मी मावशींच्या कानाशी लागून कुजबुजत्या आवाजात अर्थ सांगत राहिलो. पुढच्या रांगेतील गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिले, आणि तिसऱ्यांदा जे म्हटले ते रास्तच होते. त्यानंतर मी गप्प बसलो. मध्यंतर नव्हते. बाहेर पडल्यावर मावशी एवढेच म्हणाल्या, “इतकी वर्षं सिस्टर लोकांबरोबर काम केलं. आमच्याशी त्या हिंदीत बोलायच्या, आपसात त्यांच्या भाषेत. आपसात काय बोलतात ते आज तरी कळेल असं वाटलं होतं.” या चित्रपटावरचे याहून नेमके मत मी अजून कोठे वाचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ होता. २०१४ साली व्हेनिस महोत्सवात नव्या वाटेच्या चित्रपटांसाठीच्या ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्तम चित्रपटाचा मान त्याला मिळाला आणि पुढे सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. मी तो पूर्वी पाहिला होता, तरी पुन्हा पाहताना अधिक अस्वस्थ झालो. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप ठेवून खटला उभा राहतो आणि तारखांमागून तारखा पडत जातात. कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार २०२१ साली करोनाने गेले. त्यांच्या थकलेल्या, न वाकलेल्या आवाजाची आठवण ज्यांना आहे त्यांना या चित्रपटाची पुनर्भेट सोपी जात नाही. मृत कामगाराची पत्नी साक्षीत सांगते की गटारात उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाहत असे, कारण झुरळ आले म्हणजे आत श्वास घेण्यापुरती हवा आहे. ती हे भाजीचा भाव सांगावा तितक्या सहजपणे सांगते, आणि न्यायालयही ते तितक्याच सहजपणे नोंदवून घेते.

येथेही भाषेचाच खेळ आहे. बचाव पक्षाचा वकील गुजराती घरातला, त्याला मराठी पुरते समजत नाही म्हणून तो हिंदीत किंवा इंग्रजीत बोलण्याची विनंती करतो. सरकारी वकील बाई कायद्याची कलमे इंग्रजीतून एका सुरात, पोथी वाचल्यासारखी वाचून दाखवतात, आणि ज्याचे भवितव्य ठरते आहे तो आरोपी गप्प उभा असतो. गीतांजली कुलकर्णी यांनी ही वकील बाई खलनायिका होऊ दिलेली नाही. न्यायालयाबाहेर ती घरचा स्वयंपाक आणि मुलांचे पाहणारी, तुमच्याआमच्या शेजारची बाई आहे, आणि म्हणूनच तिची भीती वाटते. मावशींना ही कलमे कळली नाहीत, पण त्यांचे काही अडले नाही, कारण ती कोणालाच कळू नयेत अशाच रीतीने वाचली जातात. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो, तेव्हा चित्रपट संपला असे समजून आमच्या रांगेतील चार-पाच जण उठले. जे उठले ते न्यायाधीशांच्या सहलीला मुकले, आणि त्या सहलीशिवाय हा चित्रपट अर्धाच आहे.

जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’विषयी थोडक्यात लिहितो. २०२३ साली टोरोंटो महोत्सवात आशियाई चित्रपटांसाठीचा ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळवलेल्या या चित्रपटात चंद्रपूर जिल्ह्यातील एका कापूस उत्पादक शेतकऱ्याच्या शिकणाऱ्या मुलीला पाहण्यासाठी माणसे येतात, पोहे खातात, तेच तेच प्रश्न विचारतात आणि निघून जातात. आरंभीच्या स्वप्नात ती आणि इतर बायका मिळून एका मुलाला हेच प्रश्न विचारतात, तेव्हा सभागृह खळखळून हसले. तिसऱ्या-चौथ्या वेळी कोणी हसत नव्हते. स्त्री-सक्षमीकरणाचा अभ्यासक्रम आणि घरातली ही परीक्षा यांतील विसंगती दिग्दर्शक जरा जास्तच अधोरेखित करतात. बहुतेक कलाकार व्यावसायिक नट नाहीत हे मात्र सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही.

रोहन कानावडे यांच्या ‘साबर बोंडं’ने २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला आनंद आणि त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या यांच्यातील जवळीक येथे आरडाओरडा न करता, स्थिर चौकटींतून हळूहळू उलगडते. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात, आणि मुलाचे सारे ठाऊक असलेली आई एकेका वाक्याने त्याला सावरून घेते. मावशी या चित्रपटानंतर बराच वेळ बोलल्या नाहीत आणि मग त्यांनी फक्त त्या आईविषयी बोलणे केले.

हे दोन्ही चित्रपट मराठी, तरी खाली इंग्रजी ओळी होत्याच. त्यांचा एक विचित्र परिणाम दिसला. वाक्य पुरे होण्याआधी ओळ वाचून मोकळे झालेले प्रेक्षक अगोदर हसत होते, आणि ते हसणे नेमके त्या शब्दावर पडत होते जो ऐकायचा होता. शिवाय ‘तू’ आणि ‘तुम्ही’, ‘अगं’ आणि ‘अहो’ यांत नात्याची जी पायरी असते ती इंग्रजीच्या एकाच सर्वनामात बुडून जाते. परदेशी महोत्सवांसाठी तयार झालेली प्रतच मुंबईतही दाखवली जाते हे मला समजते. मराठी न येणाऱ्या मुंबईकरांना त्या ओळी हव्यात, हेही मान्य आहे. माझा आक्षेप इंग्रजी असण्याला नाही, मराठी नसण्याला आहे. मल्याळम संवाद आले की या शहरातील मराठी वाचणाऱ्या माणसासाठी पडद्यावर काहीच उरत नाही.

हे काम अवघडही नाही. सबटायटल म्हणजे कोणती ओळ कोणत्या क्षणी यावी आणि जावी याची वेळ लिहिलेली साधी मजकूर फाइल असते. दोन तासांच्या चित्रपटात अशा हजार-दीड हजार ओळी भरतात. निर्मात्याची परवानगी घेऊन त्यांचा अनुवाद करता येतो, आणि मूळ प्रतीला हात लावायचा नसेल तर दुसऱ्या लहान प्रोजेक्टरने पडद्याखालच्या पट्टीवर त्या टाकता येतात. ही पद्धत महोत्सवांना अपरिचित नाही. देवनागरीत वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून दोन ओळींत अंतर जास्त ठेवावे लागते, इतकीच अडचण. केरळातील हौशी रसिकांचा एक गट २०१२ पासून जगभरच्या चित्रपटांची मल्याळम सबटायटल विनामोबदला तयार करतो आहे. आपल्याकडेही १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने ‘वास्तव रूपवाणी’सारख्या नियतकालिकातून चित्रपटांविषयी मराठीत लिहिण्याची परंपरा चालवली आहे. लेखात जे मराठीला साधले ते पडद्याच्या तळाशी साधू नये असे काही कारण मला दिसत नाही.

महोत्सवाच्या आयोजकांपाशी मी हा विषय काढला. त्यांनी सौजन्याने ऐकून घेतले आणि मराठी प्रेक्षकांकडून अशी मागणी कधी आलीच नाही, असे सांगितले. नावनोंदणीचा अर्ज, माहितीपत्रक आणि चित्रपटानंतरची चर्चा ही तिन्ही इंग्रजीत असताना मागणी कोणी आणि कोणत्या भाषेत करायची, हे विचारण्याचा मोह मी आवरला. त्याऐवजी पुढील महोत्सवातील कोणत्याही एका चित्रपटाच्या इंग्रजी ओळी आगाऊ मिळाल्या तर त्यांचा मराठी अनुवाद विनामोबदला करून देईन, असे लिहून दिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. मावशींनी त्या कागदावर खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे, की अक्षर मोठे असावे.

आपला,
एक प्रेक्षक, लालबाग, मुंबई