पाणी वजा करून लाकूड मोजा : केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी विदर्भातला कोरडवाहू शेतकरी. दोन एकरांत नीलगिरी लावली आणि पाचव्या वर्षी तोडली. भरलेला ट्रक कागद कारखान्याच्या फाटकाबाहेर ऐन एप्रिलच्या उन्हात चार दिवस उभा राहिला. गावच्या काट्यावर भरलेलं वजन कारखान्याच्या काट्यावर सव्वा टनाने कमी भरलं. ओंडका एकही कमी झाला नव्हता. उडालं ते पाणी, पैसे गेले माझे.

तेव्हापासून मी वुडचिप्सच्या, म्हणजे लगद्यासाठी केलेल्या लाकडाच्या बारीक कापांच्या, जागतिक व्यापाराचे आकडे वाचू लागलो. त्यात जपान आणि चीन या दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत, अशी आपल्याला विनंती आहे.

जपानने १९६०च्या दशकात चिप्ससाठी खास जहाजं बांधली आणि पुढे कित्येक दशकं तो जगातला सर्वांत मोठा खरेदीदार राहिला. चीन तेव्हा या यादीत जवळपास नव्हताच. उलट त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरून जपानला चिप्स जात. १९९८च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलतोडीवर बंधनं आणली. पुढे किनाऱ्यालगत लगद्याचे मोठे कारखाने उभे राहिले आणि विकणारा देश घेणारा झाला. २००९च्या मंदीत जपानची आयात कोसळली, चीनची वाढतच गेली, आणि त्यानंतरच्या दशकात चीनने जपानला मागे टाकलं. दोघांनाही आज सर्वाधिक माल व्हिएतनाम पुरवतो. तिथे बाभळीच्या कुळातलं अकेशिया लावणारे बहुतेक जण आमच्यासारखेच लहान शेतकरी आहेत.

इथवर आलेख सरळ वाटतो. पण २०२२ साल पाहा. चिप्सचे भाव चढले आणि आयातमूल्याची रेघ उभी वर गेली. माल त्या प्रमाणात वाढला नव्हता. शिवाय आयातमूल्यात जहाजभाडं धरलेलं असतं. भाडं वाढलं की लाकूड न वाढताही मूल्य वाढतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉलरला १५० येन मोजावे लागत होते. म्हणजे जपानची तीच खरेदी येनमध्ये मोजली तर फुगलेली दिसते आणि डॉलरमध्ये मोजली तर तेवढी नाही. नुसतं मूल्य पाहून या दोन देशांची तुलना करणारा माणूस फसतो.

मोठे खरेदीदार मात्र फसत नाहीत. त्यांचे सौदे कोरड्या टनावर होतात. जहाजातल्या मालाचे नमुने भट्टीत वाळवतात, ओलावा वजा करतात आणि उरलेल्या लाकडाचेच पैसे देतात. ताज्या तोडलेल्या नीलगिरीत जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं, म्हणून हा हिशेब लागतो. इथे मात्र आमचं लाकूड जसं असेल तसं तोललं जातं, आणि ट्रक किती दिवस उभा ठेवायचा हे घेणारा ठरवतो.

आयात शुल्काचा विषय निघाला की कारखानदार आणि आम्ही शेतकरी, दोघेही आपल्या सोयीच्या वर्षाचं आयातमूल्य घेऊन आपल्या दारी येतो. कृपया दोघांचंही तेवढ्यावर ऐकू नका. वुडचिप्सच्या आयातीचं मूल्य जाहीर करताना शेजारी कोरड्या टनातलं प्रमाण आणि टनामागचा भाव छापा, मऊ आणि कठीण लाकूड वेगळं दाखवा. शुल्काचा निर्णय त्यावर घ्या.

आणि १९८८च्या राष्ट्रीय वन धोरणाने कारखान्यांना कच्च्या मालासाठी थेट शेतकऱ्यांशी नातं जोडायला सांगितलं आहे. ते नातं जोडताना खरेदीही कोरड्या वजनावर व्हावी, निदान ट्रक पोचल्याच्या दिवशी वजन व्हावं, यासाठी आपण पर्यावरण आणि कृषी मंत्रालयांशी बोलावं. त्याच बुंध्यांना फुटलेले धुमारे आता माझ्या दंडाएवढे झालेत. दोन वर्षांत तोडणी येईल.

आपला,
विदर्भातला एक नीलगिरी उत्पादक