वहीवाल्या काकूंना मनापासून थँक्यू

काकू,

हे पत्र तुम्हाला फारसं आवडणार नाही हे मला माहितीये, कारण कुठेही स्वतःचं नाव आलेलं तुम्हाला चालत नाही, म्हणून नाव लिहीतच नाहीये. पण पेशंटच्या नातेवाइकांना रात्री झोपायला चर्चच्या हॉलमध्ये जागा लावून देण्याची ती वही तुम्ही दुसऱ्यांच्या हातात सोपवलीत असं परवा कळलं, गुडघे आता रात्रीची धावपळ करू देत नाहीत म्हणून, आणि मग काही राहवेना. जे बोलायचं होतं ते समोर असताना कधी बोललोच नाही.

बाबांना हॉस्पिटलमध्ये 19 दिवस ठेवलं होतं. रात्री पेशंटजवळ एकालाच थांबायची परवानगी, म्हणून आई आत आणि मी बाहेर. पहिल्या तीन रात्री मी कॉरिडॉरमध्ये काढल्या, डोळा लागला की वॉचमन येऊन उठवायचा, त्याची पण ड्युटीच होती म्हणा. चौथ्या दिवशी शेजारच्या बेडवाल्यांनी तुमचा नंबर दिला. फोनवर तुम्ही चारच गोष्टी विचारल्यात, नाव काय, पेशंट कुठल्या वॉर्डात, किती रात्री लागतील आणि जिना चढायला त्रास होतो का. मी आपला स्वतःहूनच सांगत सुटलो की काकू मी अमुक मंडळीचा, म्हणजे अमुक चर्चचा आहे, हवं तर आमच्या पाळकांचं, म्हणजे पास्टरांचं पत्र आणतो, तर तुम्ही मला मध्येच थांबवलंत. "पत्र नको रे बाळा, पांघरूण असेल तर आण, नसेल तर आमच्याकडे आहे." फोन ठेवला आणि पायरीवर बसून रडलो, तीन दिवसांत पहिल्यांदा.

खरं सांगायचं तर त्या रात्री हॉलच्या दारात मी दहा मिनिटं तसाच उभा होतो, कारण हॉल कॅथलिक चर्चचा होता. आमची मंडळी छोटी आणि कडक, लहानपणापासून घरात कॅथलिकांबद्दल जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत एक सिस्टर, म्हणजे नन, बसल्या होत्या, त्यांनी काही न विचारता 11 नंबरची गादी दाखवली आणि मोबाईल चार्ज करायचा प्लग कुठे आहे ते सांगितलं, बस. दुसऱ्या दिवशी हॉल दुसरा, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा, तिसऱ्या दिवशी अजून तिसराच, पण गादी तीच, 11 नंबर, गाडीतून आमच्या आधी पोचलेली असायची. तुमच्या त्या चाव्यांच्या जुडग्यात प्रत्येक हॉलच्या चावीला वेगळ्या रंगाचा दोरा होता ना, मी एकदा मोजले, सात दोरे.

हे सात का, ते तुम्ही नंतर समजावून सांगितलंत. एकाच चर्चने रोज रात्री तीस माणसं ठेवायची म्हटलं की दोन महिन्यांत लोक थकतात, हॉल रविवारच्या शाळेला लागतो, लग्नं असतात, मग कमिटीत कुरबुर आणि शेवटी बंद. पण आठवड्यातून एकच रात्र म्हटलं की छोट्यातल्या छोट्या मंडळीला पण झेपतं. फक्त शनिवार कुणालाच नको होता, रविवारच्या उपासनेची तयारी असते. तो शनिवार ॲडव्हेंटिस्ट लोकांनी, म्हणजे रविवारऐवजी शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाने घेतला, कारण त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि शनिवारी सूर्य मावळला की संपतो, म्हणजे नेमकी शनिवारची रात्र त्यांना मोकळी. शनिवार का रविवार यावर आमच्यात किती वर्षं वाद चाललेत काकू, आणि तुम्ही तो वाद मिटवायच्या भानगडीत न पडता वहीत सरळ एक रात्र भरून टाकलीत. हे मला फार म्हणजे फार आवडलं.

बॅनरवरून झालेलं भांडण पण मला माहितीये. कुणाचं नाव वर, कुणाचा लोगो मोठा, तेव्हा तुम्ही म्हणालात की बॅनरच नको. आणि दुसरा नियम, हॉलमध्ये कुणाला धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायच्या नाहीत, स्वतःहून कुणी विचारलं तरच प्रार्थना. यावर आमच्याच मंडळीतले एक वडीलधारे चिडले होते, मग साक्ष देणार कधी, म्हणजे लोकांना आपल्या श्रद्धेबद्दल सांगणार कधी म्हणून. सुरुवातीला मला पण त्यांचं पटलं होतं, ते कबूल करतो.

मग नवव्या रात्रीचं सांगतो, तुम्ही त्या दिवशी नव्हतात. एक आजोबा होते, ख्रिस्ती नव्हते, बायको आयसीयूत. रात्री एकच्या सुमाराला उठून ड्युटीवरच्या काकांकडे आले आणि म्हणाले, तुमच्या देवाला माझ्या बायकोसाठी सांगाल का. काका मेथडिस्ट, सोबतीला त्या पहिल्या रात्रीच्या सिस्टर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कुणी कशी करायची, आणि मग दोघांनी एकदमच "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं. शेवटी आलं ते राज्य, सामर्थ्य आणि गौरववालं वाक्य. आम्ही प्रोटेस्टंट ते सलग म्हणतो, कॅथलिक त्याच्या आधीच थांबतात. सिस्टर थांबल्या. काका पुढे म्हणत राहिले, अगदी हळू आवाजात, सिस्टर डोळे मिटून तशाच उभ्या, आणि आमेन दोघांचं एकत्र आलं. आजोबांना यातलं काही कळलं नसणार, ते हात जोडून उभे होते. मी 11 नंबरवर पडल्यापडल्या बघत होतो. साक्ष कधी देणार हा प्रश्न मला त्यानंतर कधी पडला नाही.

तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर फक्त "यिर्मया 29:7" लिहिलंय, बायबलमधल्या एका वचनाचा आकडा. मी घरी जाऊन अख्खा अध्याय वाचला. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते, आणि त्यांना सांगितलंय की ज्या शहरात नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. म्हणजे आपल्या लोकांचं शहर पण नाही, ज्यांनी कैद करून आणलं त्यांचं शहर! इतक्या वेळा वाचलेला अध्याय, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

आणि एकदा चाव्या परत द्यायला आलो तेव्हा तुम्ही लिव्हरपूलची गोष्ट सांगितलीत, ती मी आता तरुण संघात सगळ्यांना सांगतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या वैर असलेलं शहर, आणि 1970च्या दशकात तिथे आलेले दोन बिशप, अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, डेव्हिड शेपर्ड आणि कॅथलिक डेरेक वरलॉक. शेपर्ड तर इंग्लंडकडून टेस्ट क्रिकेट खेळलेले, 22 टेस्ट! जवळजवळ वीस वर्षं दोघं शहराच्या प्रत्येक अडचणीत बरोबर उभे राहिले, 1981ला टॉक्सटेथमध्ये दंगल पेटली तेव्हाही. दोघांची कॅथेड्रल, म्हणजे बिशपची मुख्य चर्चेस, एकाच रस्त्याच्या दोन टोकांना आहेत आणि त्या रस्त्याचं नाव होप स्ट्रीट. हे ऐकून मला वाटलं तुम्ही बनवून सांगताय, घरी येऊन नकाशात बघितलं तर खरंच आहे.

तुमचं ते नेहमीचं वाक्य, जे एकत्र करता येतं ते वेगळं का करायचं, ते पण मी तुमचं स्वतःचंच समजत होतो. नंतर कळलं की 1952 साली स्वीडनमधल्या लुंड गावात वेगवेगळ्या चर्चचे लोक जमले होते आणि त्यांनी चर्चेसना साधारण हेच विचारलं होतं, की जिथे श्रद्धेतला खोल फरक आड येतो तेवढं सोडून बाकी सगळं आपण मिळून करायला नको का. ते कागदावर आलं त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. मला ते कळलं दोऱ्यांच्या चाव्यांवरून आणि गादीवरून.

काकू, त्या 16 रात्रींत आईला एकदाही माझी काळजी करावी लागली नाही, मुलगा रात्री कुठे झोपलाय हे तिला माहीत असायचं, आणि बाबा शुद्धीवर आल्यावर तिने त्यांना आधी तेच सांगितलं. याचे आभार कसे मानायचे मला खरंच कळत नाही. बाबा आता काठी घेऊन चालतात. तुम्हाला भेटायला यायचंय म्हणतात.

आमच्या मंडळीने गुरुवार घेतलाय, आठवी चावी नाही झाली, आधीचे लोक दर गुरुवारी एकटे पडत होते म्हणून त्यांच्याच हॉलमध्ये आम्ही जातो, हिरवा दोरा. ते चिडलेले वडीलधारे पण येतात, गाद्या तेच मोजून घेतात. नवीन वहीत मी रकाने आखून दिलेत, तेच चार, पाचवा वाढवू दिला नाही. 11 नंबरच्या गादीची शिवण उसवलीय, या गुरुवारी सुई-दोरा घेऊन जातोय.

तुमचा,
19 रात्रींपैकी 16 रात्रीवाला