बाबांच्या रिपोर्टमधली ती ओळ

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही जठराच्या कॅन्सरबद्दल आणि ऑपरेशनबद्दल चकार शब्द काढला नाहीत, सगळा वेळ सीटीच्या रिपोर्टमधली ती एकच ओळ. लिव्हरची डावी धमनी जठराच्या धमनीतून निघते म्हणजे आणखी काहीतरी बिघडलंय, असं धरून बसलात. नाही हो! ती जन्मापासून तशीच आहे आणि आजवर तिनं तुम्हाला काडीचा त्रास दिलेला नाही. मिशेल्स नावाच्या शरीररचनातज्ज्ञानं 200 मृतदेह तपासून 1966 साली लिहिलं, की लिव्हरच्या धमन्या पुस्तकातल्यासारख्या फक्त 55 टक्के लोकांत सापडल्या.

मग डॉक्टर एवढे गंभीर का झाले, हा आईचा प्रश्न रास्त आहे. जठराची डावी धमनी या ऑपरेशनमध्ये एरवी मुळापाशीच बांधून कापतात, कारण कॅन्सर ज्या लसीका गाठींत पसरतो त्यातल्या बऱ्याच तिच्याभोवती असतात. तुमच्या लिव्हरच्या डाव्या भागाला मात्र तिच्यातूनच रक्त जातं. म्हणून लिव्हरकडची फांदी राखून तिच्या पुढं कापायचं, आणि गाठी तरीही सोलून काढायच्या. किचकट काम. त्यात पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून करताना बोटानं धमनीचा ठोका चाचपता येत नाही, त्यामुळे नकाशा आधीच हवा. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी मला स्क्रीनवर थ्रीडी चित्र फिरवून दाखवलं: जठराशेजारून निघालेली बारीक लाल रेघ तिरकी वर चढून लिव्हरमध्ये शिरलेली. नेमकी तीच जपायची आहे.

आई, दुर्बीण हे नवं खूळ नाही. जपानात कितानो नावाच्या सर्जननं 1991 साली जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन असं केलं होतं. पण मध्येच पोट उघडायचं ठरलं, तर बाहेर बसून रडू नकोस. रक्तस्राव झाला किंवा नीट दिसेना, तर तसं करावंच लागतं. हट्टानं दुर्बीणच चालवणारा सर्जन मला नकोच आहे.

पोट फुगवायला गॅस भरतात, त्यामुळे नंतर खांदा दुखू शकतो. तसं झालं तर सिस्टरना सांगा, पण लगेच हार्टवर जाऊ नका, बाबा!

ॲस्पिरिन चालू आहे हे सरांना सांगितलंय का? आपल्या मनानं बंद करू नका. आणि फाइलमध्ये नुसता रिपोर्ट नको, सीटीची सीडी ठेवा. ती टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे.

तुमची,
छकुली