आधार कधी सोडायचा, हे लिहून ठेवल्याबद्दल

न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या ओटागो विद्यापीठात ‘ओटागो व्यायामक्रम’ रचणारे जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांचे सर्व सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात घरोघरी जाऊन ज्येष्ठांना तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या आम्हा फिजिओथेरपिस्टांकडून हे आभाराचं पत्र.

तुमचा क्रम म्हणजे ज्येष्ठांचं पडणं टाळण्यासाठी घरीच करायचे ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत ८० आणि त्यापुढच्या वयाच्या २३३ स्त्रिया होत्या. वर्षभरात व्यायाम न करणाऱ्या गटात पडण्याचे १५२ प्रसंग घडले, व्यायाम करणाऱ्या गटात ८८. आपल्याकडे आजी एकदा पडली की घरचे मायेने म्हणतात, ‘आता तू उठूच नकोस, सगळं हातात आणून देतो.’ काही आठवड्यांत मांड्या आणि पोटऱ्या ओसरतात आणि पुन्हा पडण्याची भीती खरी व्हायला लागते. अशा घरी समजावताना तुमचे हे दोन आकडे आम्हाला फार उपयोगी पडतात.

सगळ्यात मोठं ऋण मात्र वेगळं आहे. आधार कधी आणि किती सोडायचा, हे तुम्ही पायरीपायरीने लिहून ठेवलंत. एका पायावर उभं राहणं : आधी धरून १० सेकंद, मग न धरता १० सेकंद, मग न धरता ३० सेकंद. खुर्चीतून उठणं : आधी दोन्ही हात टेकून ५ वेळा, पुढे एकाच हाताने, शेवटी हात न लावता १० वेळा. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवून उभं राहणंही असंच आधी धरून, मग सुटं. सहा महिने ओटा घट्ट धरून व्यायाम केला तर तोल हातच सांभाळतात, घोटे काही शिकत नाहीत. घोटा जरा डगमगतो आणि सावरतो, तो क्षण म्हणजेच खरा व्यायाम. आम्ही पकडही टप्प्याटप्प्याने कमी करतो : पूर्ण पंजा, मग चार बोटं, मग एक बोट, मग ओट्यापासून दोन बोटं वर अधांतरी हात. पुढे ओटा, मागे भक्कम खुर्ची, आणि घरातलं कुणीतरी हाताच्या अंतरावर. दंड धरून उभं राहणारा मुलगा व्यायाम बिघडवतो, हे त्याला सांगणं अवघड जातं. पण सांगावं लागतं.

‘मी रोज अर्धा तास बागेत फिरतो, मग हे कशाला?’ हा प्रश्न तर ठरलेलाच. तुमच्या क्रमात चालणं आहेच : आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं, जमत नसेल तर १०-१० मिनिटांचे तुकडे. पण ते जोडीला आहे. ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, मध्ये एकेक दिवस विश्रांती, हा मुख्य भाग. सपाट वाटेवर सरळ चालताना शरीराची परीक्षा होत नाही. ती होते वळताना, मागे सरकताना, उंबरठा ओलांडताना. म्हणून तुम्ही आडवं चालणं, उलटं चालणं आणि इंग्रजी आठच्या आकड्यात वळत चालणं ठेवलंत. टाचांवर उभं राहून चवडे उचलण्यामागचं कारणही तेच : नडगीचा स्नायू कमजोर झाला की चवडा पुरेसा उचलला जात नाही आणि पायपुसण्यात अडकतो. बाजूला पाय उचलल्याने खुब्याच्या बाहेरचे स्नायू बळकट होतात. एक पाय उंबरठ्यावरून जाताना टेकलेल्या पायाचे हेच स्नायू कंबर एका बाजूला झुकू देत नाहीत.

घोट्याला वजन बांधताना आम्ही बहुधा अर्ध्या किंवा एक किलोपासून सुरुवात करतो. ८ ते १० वेळा उचलल्यावर दमल्यासारखं वाटावं, इतकंच वजन. १० वेळा, थोडं थांबून पुन्हा १० वेळा, तेही झटका न देता जमलं की मग वाढवायचं. विकतचा पट्टा नसेल तर जाड कापडात वाळू शिवून रुंद वेल्क्रो लावावा. सुतळी नको, मधुमेह असलेल्यांच्या पायाला ती काचते आणि कळतही नाही.

आमच्या घरांमुळे काही गोष्टींची भर घालावी लागली. प्लास्टिकची हलकी खुर्ची उठताना मागे सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवायची. सोफा तर नकोच, फार खोल असतो. फरशी पुसल्यावर पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. मोजे आणि सपाता काढून अनवाणी, किंवा मागे पट्टा असलेली चप्पल घालून. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी नाहीच. साडीच्या निऱ्या घोट्याच्या वर खोचायच्या. उलटं चालताना टाच त्यांच्यावरच पडते. गॅस बंद. नजर पायांकडे न ठेवता समोरच्या फडताळाकडे. श्वास रोखू नये म्हणून आकडे मोठ्याने मोजायचे. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून आल्या तर काळजी नाही, पण छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धाप थांबेना, तर लगेच बसायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. अंथरुणातून उठताना रोजच गरगरत असेल तर आधी रक्तदाब आणि गोळ्या तपासून घ्यायच्या.

भेटींचं तुमचं वेळापत्रकही आम्ही तसंच ठेवलं आहे : पहिला, दुसरा, चौथा, आठवा आठवडा, मग सहावा महिना, आणि भेट नसेल त्या महिन्यात फोन. आठव्या आठवड्यानंतर व्यायामाची वही कोरी राहायला लागते, तिथे तो फोन कामाला येतो. ‘व्यायाम करता ना?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असंच मिळतं. त्याऐवजी आम्ही विचारतो, ‘न धरता एका पायावर आता किती सेकंद?’

कृतज्ञतापूर्वक,
आपले,
घरोघरी व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट, महाराष्ट्र