पंचनाम्यात न आलेला मोबाईल : परिवहन मंत्र्यांना एका पंचाचं खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : अपघाताच्या कागदातून गायब होणाऱ्या मोबाईलबाबत.

महोदय, स. न. वि. वि.

मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. एक कॉम्प्रेसर, दोन जॅक, टॉम्या, पाण्याची घमेली आणि वर पत्रा. तुम्हाला पत्र लिहावं अशी माझी काही ओळख नाही. पण रस्त्यावर अपघात झाला की पोलिसांना दोन पंच लागतात. येणारा-जाणारा थांबत नाही, उद्या कोर्टाच्या तारखा कोण करणार? आम्हाला दुकान सोडून पळता येत नाही. म्हणून पंच क्रमांक एक मी, क्रमांक दोन समोरचा चहावाला. अठरा वर्षांत किती पंचनाम्यांवर सह्या केल्या ते मोजलेलं नाही. त्यातल्या एका सहीबद्दल लिहितो.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. कारखाने जोरात चाललेले. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला, अर्धा डांबरावर अर्धा मातीत, उभा होता, कारण मागच्या ट्रॉलीचं चाक माझ्या दुकानात होतं. ड्रायव्हरनं रिवाजाप्रमाणं मागं चार दगड मांडले होते आणि बाभळीची फांदी टाकली होती. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, हे कबूल. पण दुपारचे चार वाजलेले, ऊन लख्ख, रस्ता पट्टी मारल्यासारखा सरळ. ती ट्रॉली अर्ध्या किलोमीटरवरून बैलालासुद्धा दिसली असती.

मोटारसायकल त्या फांदीवरून गेली आणि ट्रॉलीच्या मागच्या फळीवर बसली. आवाज मी ऐकला तेव्हा ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधत होतो.

पळत गेलो. पोराचं जे व्हायचं होतं ते झालेलं, ते इथं लिहीत नाही. पण कुणीतरी बोलत होतं. आजूबाजूला माणूस नाही आणि आवाज चालूच. रस्त्याच्या खाली चारीत मोबाईल पडला होता आणि त्यात एक माणूस म्हैस विकत होता. "जाफराबादी, दुसरं वेत, दोन टायमाला अठरा लिटर, खात्री करून घेऊन जा." संपलं की परत पहिल्यापासून. जाफराबादी, दुसरं वेत. हवालदार येईपर्यंत अर्धा तास तो माणूस म्हैस विकत राहिला. कुणाला हात लावायची हिंमत झाली नाही.

मग पंचनामा झाला. "आम्ही पंच समक्ष हजर राहून..." इथपासून सगळं रीतसर. चतुःसीमा लिहिल्या : पूर्वेस तुरीचं शेत, पश्चिमेस पंक्चरचे दुकान. चप्पल एक, डबा एक, इंडिकेटरच्या काचा, उसाची कांडी. टायर घासल्याच्या खुणा : दिसून येत नाहीत. हे वाक्य लिहिताना हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी टायरवाला माणूस. ब्रेक दाबला असता तर डांबरावर काळा पट्टा उमटला असता, एवढं मला कळतं. झोप लागलेल्या माणसाचाही पट्टा उमटत नाही, हे मान्य. पण घरून निघून वीस मिनिटं झालेला तेवीस वर्षांचा गडी भर दुपारी झोपत नाही, साहेब.

मोबाईल कागदावर आला नाही. हवालदारानं तो बंद केला, रुमालानं पुसला आणि पोराच्या दाजींच्या हातात दिला. मला हळूच म्हणाला, "अण्णा, लिहिलं तर लेकराच्या आईला पैसे कमी मिळतेत. गेलेल्याचं काय वाईट करायचं?" मी सही केली. चहावाल्यानंही केली. पोलीस ठाण्याचं नाव मी लिहिणार नाही, आणि कृपा करून विचारूही नका. त्या माणसानं जे केलं ते दयेपोटी केलं, आणि त्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

घोळ इथंच आहे. मयताचीही चूक होती असं निघालं की कोर्ट भरपाईतून तेवढा वाटा कापतं. त्यामुळं गावाला, नातेवाइकांना, पोलिसांना, पंचांना, सगळ्यांनाच मोबाईल खिशात घालणं बरं वाटतं. आणि जिथं दुसऱ्याला उडवणाराच मोबाईलवर होता, तिथं तो स्वतःच आधी मोबाईल लपवतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी मोबाईल सुटतो. कागदावर एकच ठरलेलं वाक्य उरतं : "भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे." पूर्वी त्याला 279 आणि 304-अ लागायचं, आता नव्या कायद्यात 281 आणि 106 लागतं. कलमाचे आकडे बदलले, वाक्य तेच राहिलं.

याचा परिणाम दिल्लीच्या आकड्यात दिसतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा 2022 सालचा अहवाल आहे. त्या वर्षी देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 1,19,904 वेगामुळं, म्हणजे शंभरातली एकाहत्तर. मोबाईलमुळं किती? 3,395. शंभरात दोन. महोदय, तुम्ही मंत्रालयातून मांजरसुंब्यापर्यंत गाडीनं या, आणि वाटेत मोबाईल कानाला लावलेले, मांडीवर धरलेले, खांद्यात दाबून मान वाकडी केलेले, हेल्मेटात खोचलेले, स्कार्फात गुंडाळलेले मोजा. शंभरात दोन? मी दुकानातून बसल्या बसल्या चहा संपायच्या आत त्याहून जास्त मोजतो. वेग हा एक मोठा हारा आहे, त्यात कशाचाही मृत्यू टाकता येतो.

आणि जे मोजलं जात नाही त्यावर पैसा खर्च होत नाही, माणूस नेमला जात नाही.

आमच्याकडचं एक सांगतो, हसू नका. खड्डे होते तेव्हा दोन्ही हात हँडलला होते. गेल्या आठ-दहा वर्षांत मराठवाड्यात रस्ते खरंच चांगले झाले. धुळे-सोलापूर झाला, तुळजापूरहून लातूर-नांदेडकडचा झाला, आमचा झाला, वर जालन्यातून समृद्धी गेला. नेमकं त्याच काळात, 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नेट पाण्याच्या भावात मिळायला लागलं. सरळ रस्ता आणि स्वस्त नेट एकाच वेळी हातात पडले. रस्ता बघायची गरज उरली नाही असं पोरांना वाटायला लागलं. आता ट्रॅक्टरच्या बोनेटवर मोबाईल टेकवून रील काढत, डबल ट्रॉली घेऊन घाट उतरणारी पोरं मी रोज बघतो.

ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. मेसेज कुणाचा एवढं बघायला पाच सेकंद धरा. ऐंशी मीटरच्या वर झाले. एकामागं एक सात लालपऱ्या उभ्या केल्या तर तेवढी लांबी होते, आणि तेवढा रस्ता माणूस डोळे मिटून गेला. माझ्या दुकानासमोर मी हे पायानं मोजून पोरांना दाखवलंय. कडुनिंबापासून पुलाच्या कठड्यापर्यंत. मोजल्यावर गप होतात, दुसऱ्या दिवशी परत तेच.

"माझं ब्लूटूथ आहे, हात मोकळे आहेत," म्हणणाऱ्यांचंही ऐकून घेतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हात मोकळे ठेवणारा फोन काही फारसा सुरक्षित नसतो. कारण हातापेक्षा डोकं गुंतलेलं असतं. शेजारी बसलेला माणूस समोर ढोर आडवं आलं की बोलायचा थांबतो. फोनवरच्या माणसाला ढोर दिसत नाही, तो बोलतच राहतो. आपल्या कायद्यात मात्र, मोटार वाहन कायद्याच्या 184 कलमात, हातात धरलेल्या फोनचाच उल्लेख आहे. 2019 च्या दुरुस्तीनं त्याला पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, ठेवलं आहे. कागदावर कडक आहे. आमच्या रस्त्यावर या कलमाखाली कुणाला थांबवलेलं मी अजून पाहिलं नाही. हेल्मेटला थांबवतात, ते दुरून दिसतं.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही त्यावर येतो : फोन करणारा. गाडी चालवणारा दोषी, ठीक. पण पलीकडं कोण असतं? निम्म्या वेळा घरचे असतात, "कुठं आलायस?" "यायलोय की." एवढ्यासाठी. उरलेल्या वेळी मुकादम असतो, गाडीमालक असतो, मोंढ्यातला व्यापारी असतो. कारखान्याच्या गेटवर नंबर लागायचाय, ट्रॅक्टरवाल्याला मुकादमाचे दहा मिनिटांत चार फोन. नाही उचलला तर शिवी, दोनदा नाही उचलला तर दुसरा ड्रायव्हर. त्या गड्यानं काय करायचं? उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फोन उचलावाच लागतो.

मीही त्यातलाच. माझ्याकडं एक पोरगं होतं, बीडहून ट्यूबा-टायर घेऊन यायचं. मी फोन केला की पहिल्या रिंगला उचलायचं, म्हणून मी चारचौघांत त्याचं कौतुक करायचो. "आपला गडी बघा, कधी फोन चुकवत नाही." त्या म्हशीवाल्या दिवसानंतर एका रात्री माझ्या ध्यानात आलं की तो पहिल्या रिंगला उचलतो म्हणजे मोटारसायकल चालवतानाच उचलतो. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, वाटेत फोन उचलला तर पगार कापीन. त्याला वाटलं अण्णाचं डोकं फिरलं.

मोटार वाहन कायद्यात 188 नावाचं कलम आहे. धोकादायक गाडी चालवायला जो चिथावणी देतो किंवा मदत करतो, त्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. गाडी चालू आहे हे ठाऊक असून ड्रायव्हरला फोनवर फोन करणारा मालक त्यात बसतो का नाही, हे तुमच्या विधी विभागाकडून एकदा लिहून घ्या. बसत असेल तर परवाना देताना, फिटनेस करताना, ऊस वाहतुकीच्या करारावर मालकाची तशी सही घ्या. एक मालक कोर्टात उभा राहिला की तालुक्यातले बाकीचे मालक आपोआप मेसेज करून थांबायला शिकतील.

मार्च 2025 मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाईलवर क्रिकेट बघत होता. प्रवाशानं व्हिडिओ काढला आणि चालक बडतर्फ झाला. चांगलं झालं. पण शिवनेरीतल्या प्रवाशाला बोलायची सवय असते. आमच्या काळीपिवळीत चौदा माणसं, दोन टपावर, आणि ड्रायव्हर गाववालाच. त्याचा व्हिडिओ काढला तर उद्यापासून केजला चालत जावं लागेल. बायाबापड्या फार तर म्हणतात, "बघून रे बाबा." आमच्यासाठी तक्रारीची अशी वाट काढा की जिथं तक्रार करणाऱ्याचं नाव गावात कळणार नाही.

माझी मुख्य मागणी मात्र एकच आहे. मृत्यू झालेल्या प्रत्येक अपघातात, चालवणारा जिवंत असो वा गेलेला, त्या दहा मिनिटांत त्याच्या फोनवर कॉल किंवा नेट चालू होतं का, एवढी एक नोंद कंपनीकडून मागवा. तपास गृह खात्याचा आहे असं तुम्ही म्हणाल, तर गृह खात्याच्या साहेबांबरोबर एकदा बसा. दोन्ही खाती एकाच इमारतीत आहेत. ही नोंद फक्त मोजणीसाठी ठेवा. जो स्वतःच मेला त्याच्या घरच्यांची भरपाई त्या नोंदीवरून कापता येणार नाही, असं आधी कायद्यात लिहा. नाहीतर हवालदार परत रुमालानं मोबाईल पुसेल, मी परत सही करीन, आणि तुमच्या अहवालात तो पोरगा परत वेगानं मेलेला निघेल. दुसऱ्याला मारणाऱ्याला मात्र ही सवलत नको, तिथं ती नोंद पुरावा म्हणूनच यावी.

त्या पोराची आई अधूनमधून एसटीनं केजला जाते. बस दुकानासमोर थांबली तर खिडकीतून ओळख दाखवते. तिला अजून वाटतं की ट्रॅक्टर उभा होता म्हणून गेला. ट्रॅक्टरवाल्यावर केस चालू आहे. चाक माझ्या दुकानात होतं म्हणून मलाही साक्षीला बोलावतात. तिथं मला मोबाईलचं कुणी विचारलेलं नाही.

उत्तर द्यायचं ठरलं तर पोस्टानं द्या. फोन नको. दुपारचा मी सामान आणायला मोटारसायकलवर असतो.

आपला,
पंच क्रमांक एक
केज तालुका, जि. बीड