शिंगाळा व शिंगी हे मिशाळ मासे हाताळण्याबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी सहा वाजता हिडकल जलाशयाच्या काठी जाळी घेऊन जमायचे आहे.

शिंगाळ्याच्या मिशांना घाबरण्याचे कारण नाही. त्या चाचपण्यापुरत्याच असतात. धोका तीन काट्यांचा आहे: एक पाठीच्या पराच्या पुढे आणि दोन कल्ल्यांमागच्या परांत. मासा बिथरला की हे काटे ताठ होऊन बुडाशी असे अडकतात की दाबूनही मिटत नाहीत, आणि कल्ल्यांमागच्या काट्याची कड करवतीसारखी दातेरी असल्याने तो निघताना मांस फाडतो. शिंगी लहान दिसते म्हणून मुले तिला हातात धरतात, पण तिच्याच काट्याचे विष अधिक जाचते.

१. मासा सोडविताना जाड हातमोजे व पक्कड वापरावी. अनवाणी येऊ नये.

२. काटा लागल्यास जखम धुवून सोसवेल इतक्या, म्हणजे सुमारे ४५ अंश सेल्सिअस गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवावी. पाणी किती गरम आहे ते आधी दुसऱ्या हाताने पाहावे. जखमेत चुना भरू नये. काटा आत मोडल्यास स्वतः कोरत न बसता दवाखाना गाठावा व धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

गरम पाण्याचा थर्मास काठावर ठेवला जाईल. तो चहाचा नव्हे.

– सचिव